प्रातिनिधिक क्रिकेट संघ, मुंबईतील

प्रातिनिधिक क्रिकेट संघ, मुंबईतील : एरवी परस्परांविरुद्ध खेळणाऱ्या निरनिराळ्या क्लबांतून निवडक खेळाडू एकत्र आणून जो संघ उभा केला जातो, त्यास प्रातिनिधिक संघ किंवा निवड संघ म्हणतात. क्लबच्या संघात स्थान मिळण्यास सभासदत्व पुरते. निवड संघात स्थान मिळण्यास गुणवत्ता लागते, असा सामान्य समज आहे. प्रत्यक्षात गुणवत्तेचा विचार सुरू होण्यापूर्वी आणखी एक प्रश्न मिटलेला असावा लागतो. तो म्हणजे हा संघ प्रतिनिधी कोणाचा? मुंबईत ह्या प्रश्नाचे उत्तर १८९२ पासून १९४६ पर्यंत ‘जमातीचा’ असे दिले गेले आणि १९३४ पासून आजतागायत ‘प्रदेशाचा’ असे दिले जात आहे. मधली सुमारे बारा वर्षे ही दोन्ही उत्तरे एकाच शहरात आणि बहुधा त्याच खेळाडूंच्या बाबतीत शेजारी शेजारी नांदत होती. भारतीय क्रिकेटमधील निवडीच्या बऱ्याच रूढींचे मूळ ह्या काळात सापडते.

निवड संघाची कल्पना अन्यत्रही ह्याच सुमारास रुजली. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये १८८९ साली वॉल्टर कॅम्प (१८५९–१९२५) व कॅस्पर व्हिटनी ह्यांच्या नावाशी निगडित असलेली अखिल अमेरिकन अकरा खेळाडूंची पहिली यादी प्रसिद्ध झाली. तीतील अकराही जण हार्व्हर्ड, येल व प्रिन्स्टन ह्या पूर्वेकडील तीनच विद्यापीठांचे होते. साहजिकच दक्षिणेकडील व पश्चिमेकडील वृत्तपत्रे आणि प्रशिक्षक आपापल्या प्रदेशाच्या स्वतंत्र याद्या प्रसिद्ध करू लागले. हे संघ कागदावरच राहत. त्यांतील अकरा जण मैदानावर एकत्र उतरत नसत. निवडक खेळाडूंचा पूर्व विरुद्ध पश्चिम असा वार्षिक सामना सान फ्रान्सिस्को येथे १९२५ मध्ये सुरू झाला. मुंबईतील निवड संघ मात्र प्रारंभापासून प्रत्यक्ष खेळत आले. त्यामुळे निवडीतील पक्षपात वाचकांच्या वादापुरता राहत नसे. तो धावफलकावर उमटे, आणि वगळलेला खेळाडू मैदानाबाहेर बसलेला सर्वांना दिसे.

मुंबईत पारशी मंडळींनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. हिंदूंचा पहिला क्लब, बॉम्बे युनियन, १८६६ मध्ये निघाला. क्लब जातवार आणि पोटजातवारही होते. ज्या चाळीत वा आळीत मुले एकत्र वाढली, तिचाच क्लब होई. ह्या सर्वांवर जिमखाना ही संस्था आली. बाँबे जिमखाना केवळ यूरोपीयांचा होता. पुढे समुद्रकिनाऱ्यालगतच्या भरावाच्या जमिनीवर पारशी, इस्लाम व परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना असे जिमखाने ओळीने उभे राहिले. त्यांची मैदाने एकमेकांस लागून आहेत व मध्ये फक्त कुंपणे आहेत. निवडीचा अधिकार क्लबांकडून ह्या जिमखान्यांच्या समित्यांकडे गेला, ही पुढील सर्व इतिहासाची गुरुकिल्ली होय. संपूर्ण जमातीचा संघ निवडण्याचा हक्क जमातीने कोणास दिला नव्हता. ज्यांच्याकडे मैदान, पैसा व सरकारदरबारी वजन होते, त्यांच्याकडे तो आपोआप आला.

पारशी व यूरोपीय ह्यांच्यातील पहिला सामना १८७७ मध्ये झाला. पारशी संघाने १८८६ व १८८८ मध्ये इंग्लंडचा दौरा केला आणि जानेवारी १८९० मध्ये जी. एफ्. व्हर्नन ह्याच्या इंग्लिश संघाचा मुंबईत पराभव केला. १८९२ पासून लॉर्ड हॅरिस ह्या क्रिकेटपटू गव्हर्नरच्या कारकीर्दीत यूरोपीय विरुद्ध पारशी असे वार्षिक सामने भरू लागले. त्यांना ‘प्रेसिडेन्सी सामने’ म्हणत. नाव इलाख्याचे, रचना जमातीची, असा हा प्रकार होता. यूरोपीय संघात मुंबईचे व्यापारी, पुण्याच्या छावणीतील लष्करी अधिकारी व मुलकी अंमलदार असत. म्हणजे एका अर्थाने तो प्रादेशिक निवड संघच होता, मात्र त्यास नाव वर्णाचे मिळाले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने यूरोपीयांशी पहिला सामना खेळला. हिंदूंच्या २४२ व १६० धावांस यूरोपीयांनी १९१ व १०२ धावांनी उत्तर दिले आणि हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. १९०७ मध्ये तिरंगी, १९१२ मध्ये मुसलमान संघाच्या प्रवेशाने चौरंगी आणि १९३७ मध्ये पंचरंगी अशी स्पर्धेची वाढ होत गेली. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले, त्यानंतर तीनच वर्षांनी चौरंगी सामने सुरू झाले. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु प्रतिनिधित्व म्हणजे जमातीचे प्रतिनिधित्व, ही एकच समजूत विधिमंडळात व मैदानावर काम करीत होती, हे नाकारता येत नाही.

१९०६ च्या त्या हिंदू संघात पालवणकर बाळू (१८७६–१९५५) व त्यांचे बंधू शिवराम हे चर्मकार समाजातील दोन खेळाडू होते. बाळूंचा जन्म धारवाडचा. वडील लष्करात नोकरीस होते. पुण्यास पारशी क्लबच्या मैदानावर खेळपट्टी झाडण्यासाठी व लोटण्यासाठी त्यांना दरमहा तीन रुपये मिळत. तेथून ते पूना जिमखान्यावर चार रुपयांवर गेले. तेथे जाळे लावणे, रेघा आखणे ही कामे उरकून ते गोऱ्या सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करीत. डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीवरील त्यांचे प्रभुत्व ह्या सरावातूनच आले. जे. जी. ग्रेग हा पूना जिमखान्याचा नामांकित फलंदाज त्यांच्यासमोर तासन् तास खेळे. बाळूंना फलंदाजीचा सराव मात्र कोणी दिला नाही, कारण फलंदाजी हा सभासदांचा मान होता. गोलंदाजी कष्टाची म्हणून ती नोकराकडे आली आणि त्यातूनच त्या काळातील भारताचा सर्वोत्तम गोलंदाज घडला, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

पुण्यातील हिंदू क्लबला यूरोपीयांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. संघात घ्यावे की न घ्यावे ह्याबद्दल सभासदांत तट पडले. अखेर निर्णय झाला तो असा, की मैदानावर चेंडू सर्वांनी हाताळावा. चहाच्या वेळी मात्र बाळूंनी तंबूबाहेर बसून मातीच्या भांड्यात चहा घ्यावा. चेंडूला विटाळ नाही व कपाला आहे, हा ह्या तडजोडीचा अर्थ होता. १८९६ च्या प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले, पुढे बी. बी. अँड सी. आय्. रेल्वेत नोकरीस लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. येथे त्यांना इतरांबरोबर पंक्तीस घेण्यात आले. १९०६ च्या विजयानंतर सुधारक पत्रांनी जिमखान्याच्या ह्या निर्णयाचे विजयाइतकेच कौतुक केले.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग ह्यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. अशा दौऱ्याचे आधीचे प्रयत्न प्रत्येक जमातीचे किती खेळाडू घ्यावयाचे ह्या वादातच संपले होते. ह्या वेळीही संघ जमला तो वाटणीने : महाराजांखेरीज सहा पारशी, पाच हिंदू व तीन मुसलमान. संघाने २३ सामन्यांपैकी १५ गमावले. बाळूंनी मात्र सर्व सामने मिळून ११४ बळी सरासरी १८·८४ धावांनी घेतले. त्यांच्या प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांतील १७९ बळींची सरासरी १५·२१ धावा आहे. ही आकडेवारी पाहता त्यांना संघात घ्यावे की नाही हा प्रश्न केव्हाच संपला होता. उरला होता तो त्यांच्या हाताखाली इतरांनी खेळावे की नाही, हा.

कर्णधारपद ही निवडीतील वेगळी पायरी आहे. खेळाडूची निवड त्याच्या कौशल्याची कबुली देते. कर्णधाराची निवड त्याच्या अधिकाराची. बाळू हिंदू संघाचे ज्येष्ठ खेळाडू होते, तरी कर्णधारपद सातत्याने उच्चवर्णीयांकडे राहिले. १९१३ मध्ये मुकुंद दामोदर पै ह्यांची निवड झाली, तेव्हा हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंना मिळावयास हवा होता, असे स्वतः पै ह्यांनीच जाहीरपणे सांगितले. १९२० च्या स्पर्धेत पै आजारी पडताच कर्णधारपद पुण्याचे दिनकर बळवंत देवधर (१८९२–१९९३) ह्यांच्याकडे देण्यात आले व बाळूंना संघातून वगळण्यात आले. देवधर गुणी फलंदाज होते, ह्यात शंका नाही. परंतु ते बाळूंहून सोळा वर्षांनी लहान होते. बाळूंचे बंधू शिवराम व विठ्ठल ह्यांनी निवड समितीच्या ह्या वागणुकीचा जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतले. वृत्तपत्रांतून मोठा वाद झाला. पुढील सामन्यास पै परतले, बंधूही परतले व बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. त्या सामन्यात पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. ज्या अधिकारासाठी इतकी वर्षे वाद चालला, तो त्यांना मिळाला तो असा, दुसऱ्याच्या अनुपस्थितीत व तात्पुरता. १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू, शैलीदार फलंदाज पी. विठ्ठल ह्यांना कर्णधार नेमण्यात आले आणि त्या वर्षी हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. विठ्ठल ह्यांनी माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. भारतीय क्रिकेटपटूंच्या आरंभीच्या आत्मकथनांत त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

बाळूंच्या उत्तरायुष्यातील एक प्रसंग येथे अप्रस्तुत ठरू नये. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. म्हणजे दलितांचे प्रतिनिधी कोणी व कसे निवडावेत, ह्या वादात ते एका बाजूने सहभागी होते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना गिरणगावच्या भायखळा-परळ मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. सुमारे दोन हजार मतांनी ते पराभूत झाले. आपला प्रतिनिधी जिमखान्याच्या समितीने वा पक्षाच्या धुरीणांनी नेमावा, की ज्यांचा तो प्रतिनिधी त्यांनीच निवडावा, हा प्रश्न तेथे मतपेटीत गेला.

गिरणगावाचा उल्लेख आला आहे, तर मुंबईतील क्रीडाभूगोलाबद्दल दोन शब्द सांगणे इष्ट होईल. जिमखाने दक्षिणेस, सागरतटाला. त्यांचे बहुतेक आश्रयदाते कापसाच्या व गिरण्यांच्या व्यवसायातले. तो कापूस जेथे उतरे व ज्यांच्या हातून कातला जाई, ती वस्ती मध्य मुंबईत परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी येथे. ‘कॉटन ग्रीन’ हे आज हार्बर रेल्वेवरील स्थानकाचे नाव आहे. मूळ कॉटन ग्रीन म्हणजे फोर्टमधील टाउन हॉलसमोरचे मोकळे मैदान. तेथे कापसाच्या गासड्या रचून ठेवीत. पुढे हा बाजार कुलाब्यास व १९२० च्या दशकात शिवडीजवळच्या बंदर विश्वस्त मंडळाच्या जागेत हलला आणि नाव त्याच्यामागून गेले. हिरवळीचे नाव मिळालेल्या ह्या भागात वखारी उठल्या, क्रिकेटची हिरवळ नव्हे. तेथील चाळींच्या पटांगणांतून कबड्डी व खोखो ह्यांची मंडळे वाढली. कारण त्या खेळांना लागते ती थोडीशी माती, पैसा लागत नाही. क्रिकेटच्या निवड समित्यांची नजर मुंबईच्या ह्या भागाकडे फार उशिरा वळली. दादर, माटुंगा व शिवाजी पार्क येथील वसाहती उभ्या राहिल्यावर ती उत्तरेकडे सरकली, आणि गिरण्या व कचेऱ्या ह्यांनी खेळाडूंना नोकऱ्या देऊन टाइम्स शिल्डसाठी संघ उतरवण्यास सुरुवात केल्यावर तिला आणखी वेग आला.

चौरंगी संघ आरंभी मुंबई-पुण्याचे होते. स्पर्धेचे महत्त्व वाढले, तशी निवडीची कक्षा रुंदावली. नागपूरचे कोट्टारी कनकय्या नायडू (१८९५–१९६७) १९१६ पासून हिंदू संघातून खेळले. मुसलमान संघाला लाहोर, अलीगढ, जालंदर येथून खेळाडू येऊ लागले. कराची, लाहोर व नागपूर येथेही जमातवार स्पर्धा निघाल्या. अशा रीतीने जमातीचा संघ हाच देशातील सर्वात मोठा निवड संघ झाला. नोव्हेंबर–डिसेंबर १९२६ मध्ये नायडूंनी बाँबे जिमखान्यावर एम्. सी. सी. विरुद्ध अकरा षट्कारांसह १५३ धावा काढल्या, त्याही हिंदू संघाकडूनच. ह्या खेळीमुळे भारतीय क्रिकेट कसोटी दर्जाचे असल्याची जाणीव दृढ झाली. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये लॉर्ड्‌स येथे भारत पहिला कसोटी सामना खेळला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे १९३० ते १९३३ ह्या वर्षांत चौरंगी सामने भरले नाहीत. ती उणीव भरून काढील अशी, प्रांतांच्या संघांमधील राष्ट्रीय स्पर्धा १९३४–३५ मध्ये रणजी करंडकाच्या रूपाने सुरू झाली. परंतु त्याच वर्षी चौरंगी सामनेही पुन्हा भरू लागले.

पहिला रणजी करंडक मुंबईने एल्. पी. जय ह्यांच्या नेतृत्वाखाली जिंकला; दुसरा होमी वजिफदार ह्यांच्या. जय हिंदू संघाचे फलंदाज, वजिफदार पारशी संघाचे. चौरंगीत परस्परांविरुद्ध उभे ठाकणारे खेळाडू ‘मुंबई’ ह्या नावाखाली एकमेकांच्या नेतृत्वाखाली खेळले आणि त्यात कोणास अवघड असे काही दिसले नाही. प्रेक्षकांचा ओढा मात्र जमातीच्या सामन्यांकडेच राहिला. रणजी करंडकाचे सामने थोड्या प्रेक्षकांपुढे होत, तर पंचरंगीस ब्रेबर्न स्टेडियम भरून जाई. पंचरंगीवर टीका करताना ही वस्तुस्थिती पुष्कळदा झाकली जाते. ह्या सामन्यांत खेळाडूंमधील वैर क्वचितच दिसे व खेळाचा दर्जा देशात सर्वोच्च होता. दोष संघाच्या व्याख्येत होता, आणि तो सर्वांत स्पष्ट दिसला पाचव्या संघात.

हा संघ ‘रेस्ट’ म्हणजे ‘बाकीचे’ ह्या नावाने ओळखला जाई. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशा ज्या कोणास उरलेल्या चार संघांत जागा नव्हती, त्यांचा हा संघ. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच : ते इतर कोणी नव्हते. सांगलीत जन्मलेले मराठी ख्रिस्ती फलंदाज विजय हजारे (१९१५–२००४) ह्या संघाचे आधारस्तंभ होते. रणजी करंडकात त्यांनी १९३९–४० मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या; त्या वर्षी देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र विजेता ठरला. महाराष्ट्राच्या संघात ते आघाडीचे प्रतिनिधी, मुंबईच्या पंचरंगीत मात्र ‘बाकीच्यांपैकी’ एक. डिसेंबर १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने विजय मर्चंट ह्यांच्या नाबाद २५० धावांच्या बळावर ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. ‘रेस्ट’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला, त्यात हजारे ह्यांच्या ५९. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारे ह्यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक ह्यांनी एक बाजू लावून धरली. ३०० धावांच्या त्या भागीदारीत विवेक ह्यांचा वाटा २१ धावांचा. ‘रेस्ट’ संघ एक डाव व ६१ धावांनी हरला. एकेकट्या मर्चंट व हजारे ह्यांच्यातील जणू तो सामना होता, आणि दोघेही आणखी काही वर्षांनी भारताचे एकाच फळीतील फलंदाज म्हणून इंग्लंडमध्ये खेळणार होते.

पंचरंगीला विरोध वाढत होता. बाँबे क्रॉनिकलचे क्रीडासंपादक जे. सी. मैत्र तिच्या विरुद्ध सातत्याने लिहीत. समालोचक ए. एफ्. एस्. तल्यारखान हेही जमातवार क्रिकेटचे विरोधक झाले. १९३७ मध्ये नव्या ब्रेबर्न स्टेडियमवरील आसनांच्या वाटपावरून हिंदू जिमखान्याने स्पर्धेतून अंग काढून घेतले होते. तो मतभेद तत्त्वाचा नव्हता, जागांचा होता. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ महात्मा गांधींना वर्ध्यास भेटले. महाविद्यालयांचे वा संस्थांचे सामने आपण समजू शकतो, परंतु हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी, हे आपणास कधी उमगले नाही, अशा आशयाचे मत त्यांनी दिले. स्पर्धा तरीही चालू राहिली. १९४२ चे वर्ष तेवढे खाली गेले. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुसलमान संघाने हिंदूंवर एका गड्याने निसटता विजय मिळविला. त्याचे श्रेय के. सी. इब्राहिम ह्यांच्या नाबाद १३७ धावांस होते. इब्राहिम रणजी करंडकात मर्चंट ह्यांच्यासमवेत मुंबईकडून खेळत. १९४५–४६ च्या मोसमानंतर पंचरंगी सामने कायमचे बंद झाले.

जमातीची जागा विभागाने घेतली. १९६१–६२ मध्ये दुलीप करंडकासाठी पाच विभागांची स्पर्धा सुरू झाली व पहिल्या अंतिम सामन्यात ब्रेबर्न स्टेडियमवर पश्चिम विभागाने दक्षिण विभागाचा पराभव केला. १९७३–७४ पासून देवधरांच्या नावाने मर्यादित षटकांची विभागीय स्पर्धा भरू लागली. १९२० च्या वादात नाव असलेल्या खेळाडूचे नाव प्रादेशिक निवडीशी असे जोडले गेले. विद्यापीठांसाठी १९३५–३६ पासून रोहिंटन बारिया करंडक होता. त्यावर विभागवार निवडलेल्या विद्यापीठ संघांची विझी करंडक स्पर्धा उभी राहिली. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रादेशिक निवडीला आपल्याकडील जवळचा प्रकार तो हाच. संयुक्त विद्यापीठांच्या निवड संघाने परदेशी पाहुण्यांशी सामने खेळण्याची प्रथाही उपयुक्त ठरली. १९४८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध अशाच सामन्यात पॉली उम्रीगर ह्यांनी नाबाद शतक काढले आणि काही आठवड्यांत ते कसोटी संघात आले.

विभाग ही व्याख्या जमातीपेक्षा निर्दोष आहे. पण नैसर्गिक तीही नव्हे. आजच्या महाराष्ट्र राज्यात मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ अशा तीन क्रिकेट संघटना आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन पश्चिम विभागात व विदर्भ मध्य विभागात मोडतात. गोव्याचा समावेश दक्षिण विभागात होतो. मराठी भाषक खेळाडू अशा प्रकारे तीन विभागांत वाटला गेला आहे. राष्ट्रीय निवड समितीत प्रत्येक विभागाचा एक सदस्य घेण्याचा संकेत दीर्घकाळ होता व त्यातून विभागीय हिशेबांचे आरोप सतत झाले. जानेवारी १९७१ मध्ये मन्सूर अली खान पतौडी ह्यांच्या जागी मुंबईच्या अजित वाडेकरांची कर्णधार म्हणून निवड झाली, ती समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट ह्यांच्या निर्णायक मताने. उलट बाजूही आहे. मुंबईने १९५८–५९ ते १९७२–७३ असा सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला. त्या यशात मोठा वाटा असलेले डावखुरे गोलंदाज पद्माकर शिवलकर (१९४०–२०२५) ह्यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेतले. १९७२–७३ च्या अंतिम सामन्यात मद्रास येथे तमिळनाडूच्या एका डावात १६ धावांत ८ गडी बाद केले. त्यांना एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. त्याचे कारण विभागीय राजकारणात शोधण्याची रीत आहे. परंतु बिशनसिंग बेदी हे समकालीन होते, एवढेच कारणही पुरेसे ठरते. कोणत्याही निवड पद्धतीत एका जागेसाठी दोन थोर खेळाडू जन्मास येणे, ह्यावर उपाय नाही.

मुंबईच्या स्वतःच्या निवडीचा पाया मात्र रुंद होत गेला. हॅरिस व गाइल्स शिल्ड ह्या शालेय स्पर्धा, १९४८ पासून भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाणारी कांगा लीग, पुरुषोत्तम शिल्ड, टाइम्स शिल्ड अशा स्पर्धांतून नाव झाले, म्हणजे निवड समितीस त्या खेळाडूकडे दुर्लक्ष करणे कठीण जाई. दादर युनियन व शिवाजी पार्क जिमखाना ह्यांच्यातील चुरस तर चौरंगीइतकी गाजली. राष्ट्रीय पातळीवर विभागीय संघांचे दिवस अलीकडे चढउताराचे आहेत : दुलीप करंडक २०१६ ते २०१९ मध्ये मंडळाने नेमलेल्या रंगांच्या नावांच्या संघांत खेळवला गेला, २०२२ मध्ये विभाग परत आले, २०२४ मध्ये पुन्हा मंडळाचे चार संघ झाले व २०२५ मध्ये परत विभाग.

हिंदू जिमखाना आजही मरीन ड्राइव्हवर उभा आहे. ह्याच मैदानाचे माळी असलेल्या गृहस्थांचे कुटुंब मैदानालगतच्या एका खोलीत राहत असे. त्यांचे चिरंजीव एकनाथ सोलकर (१९४८–२००५) लहानपणी धावफलकावरचे आकडे बदलत. पुढे भारतीय शालेय संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले; सुनील गावसकर त्या संघात होते. मुंबई व पश्चिम विभाग ह्या पायऱ्या चढून ते १९६९ मध्ये भारताकडून खेळले. २७ कसोटींत त्यांनी ५३ झेल घेतले, आणि १९७१ मध्ये ओव्हलवर फलंदाजापासून हातभर अंतरावर उभे राहून अ‍ॅलन नॉटचा जो झेल घेतला, त्याने इंग्लंडमधील भारताच्या पहिल्या कसोटी विजयाची वाट मोकळी झाली.